नर्सिंग इंटरव्ह्यूचा क्लास: साडेसहा हजारांतले वसूल किती झाले

आधीच सांगते, क्लासचं नाव लिहिणार नाहीये. पुण्यात डेक्कनच्या बाजूला आहे, नर्सिंगवाल्यांना कळायचं ते कळेल, आणि आमच्या बॅचमधल्या काहीजणींचे कॉल अजून त्यांच्याच ओळखीतून यायचेत, माझ्या रिव्ह्यूपायी त्यांचं अडायला नको. पण हल्ली रोज कुणी ना कुणी फोन करून विचारतंय की ताई तुम्ही लावला होता ना तो क्लास, कसाय, आम्ही लावू का, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते. थोडक्यात निकाल असा की रेझ्युमे आणि एचआरवाला भाग म्हणजे पाणी घातलेलं दूध, आणि मेट्रन (हॉस्पिटलातल्या मुख्य नर्स) मॅडमची स्किल लॅब एवढी भारी की तेवढ्यासाठी मी परत पैसे भरेन.

माझं सांगायचं तर मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, लातूरकडची. रजिस्ट्रेशन झाल्यापासून तिकडंच एका छोट्या हॉस्पिटलात होते, तीस बेड, त्यात सहा बेडचं आयसीयू आणि नाइटला एकच आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचा डॉक्टर. असल्या ठिकाणी काम सगळं येतं, कॅन्युला लावण्यापासून ते लाइट गेल्यावर व्हेंटिलेटरच्या पेशंटला अँब्यू बॅग दाबत उभं राहण्यापर्यंत, पण ते कागदावर कुठंच दिसत नाही. नवऱ्याची बदली पुण्याला झाली आणि मला इकडं एखादं एनएबीएचवालं (दर्जाचं मानांकन मिळालेलं) मोठं हॉस्पिटल बघायचं होतं. वॉक-इनला जायचं, लायनीत बसायचं, बायोडाटा द्यायचा, "कळवतो सिस्टर" ऐकायचं आणि बस पकडून घरी. कळवत कुणीच नाही. म्हणून क्लास.

फी साडेसहा हजार, हप्ते नाहीत, पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. त्यात रेझ्युमे बनवून देणार, एचआर राउंडची तयारी करून घेणार, शनिवार-रविवार लॅब आणि शेवटी एक मॉक पॅनल. बोर्डावर "शंभर टक्के प्लेसमेंट" लिहिलंय त्याकडं दुर्लक्ष करा. पुण्यात स्टाफ नर्स सगळ्यांनाच पाहिजे असतात, कुठंतरी नोकरी लागतेच, त्यात क्लासचं काय कौतुक. आपल्याला पाहिजे त्या युनिटला, पाहिजे त्या पगारात लागते का हा खरा प्रश्न, आणि त्याची गॅरंटी बोर्डावर कुणी लिहीत नाही.

आता रेझ्युमे. ते बनवणारे सर एमबीए आहेत म्हणे, आयटीवाल्यांना पण तेच बनवून देतात. त्यांनी लॅपटॉप उघडला, एक तयार फाइल काढली, माझं नाव टाकलं, कॉलेज बदललं आणि चहा संपायच्या आत पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपला. वरती ऑब्जेक्टिव्ह, की मला आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या आणि स्वतःच्या प्रगतीला हातभार लावायचाय. खाली स्ट्रेंथ, हार्डवर्किंग, पंक्च्युअल, टीम प्लेयर. हॉबीज रीडिंग आणि ट्रॅव्हलिंग, मी दोन्ही करत नाही. शेवटी वडलांचं नाव, धर्म, मॅरिटल स्टेटस आणि वरील माहिती सत्य आहे म्हणून सही. शेजारी सोलापूरचा एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, बसलेला, त्याचा बघितला तर अक्षरन् अक्षर तोच, फक्त त्याला क्रिकेट आवडतं. हे दोन्ही कागद एकाच एचआरच्या टेबलावर पडले असते तर तिनं काय समजायचं होतं?

हा कागद खरा बदलला तो मेट्रन मॅडमच्या हातात गेल्यावर. मॅडम सरकारी हॉस्पिटलातून रिटायर झाल्यात, लाल पेन कायम पदराला खोचल्यासारखं जवळ, आणि समोरच्याला अगं-तुगंच करतात, मुलगा असला तरी "काय रे बाळा". त्यांनी माझं ऑब्जेक्टिव्ह न वाचताच उभी रेघ मारली आणि पहिला प्रश्न, "रजिस्ट्रेशन नंबर कुठाय तुझा?" तो दुसऱ्या पानावर तळाला होता. मॅडमचं म्हणणं, नाव आणि मोबाइलच्या लगेच खाली महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नंबर आणि तो कधीपर्यंत व्हॅलिड आहे ते पाहिजे. कारण साधं आहे, रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, त्याला सीएनईचे (नोकरी करताना घ्यायच्या नर्सिंगच्या शिक्षणाचे) तास लागतात, आणि एनएबीएचच्या ऑडिटला स्टाफच्या फाइली उघडून हेच आधी तपासतात. ज्याचं रिन्यूअल लटकलेलं आहे त्याला कितीही अनुभव असला तरी एचआर बाजूला ठेवणार. त्याच्याच शेजारी बीएलएसचं, म्हणजे सीपीआर वगैरेच्या ट्रेनिंगचं कार्ड. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं असेल तर ते २ वर्षंच चालतं, त्यामुळं नुसतं "बीएलएस केलंय" लिहून भागत नाही, महिना आणि साल टाका.

मग अनुभवावर आल्या. मी लिहिलेलं "स्टाफ नर्स, आयसीयू", एवढंच. मॅडम म्हणाल्या यातून मला काय कळलं? किती बेडचं हॉस्पिटल, किती बेडचं युनिट, मेडिकल का सर्जिकल, नाइटला तुझ्याकडं पेशंट किती, त्यातले व्हेंटिलेटरवर किती, मशिनी कुठल्या हाताळल्यास. एनएबीएचच्या हिशोबानं व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक सिस्टर पाहिजे, आणि छोट्या हॉस्पिटलात आपण तीन-तीन पेशंट एकटीनं ओढलेले असतात, ते लिहायला कुणी सुचवतच नाही. आणि सगळ्यात कामाची गोष्ट, प्रत्येक प्रोसिजरपुढं तीनपैकी एक लिहायला लावलं, स्वतः केलंय, असिस्ट केलंय, की नुसतं बघितलंय. मी सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) असिस्ट केलीये, डायलिसिस फक्त बघितलंय, तर तसंच लिहिलं. सर म्हणत होते असं लिहिलं तर इम्प्रेशन डाऊन होतं. मॅडम म्हणाल्या की पॅनलवर बसलेली बाई पंचवीस वर्षं वॉर्डात काढून आलेली असते, ती नेमकं त्याच शब्दावर बोट ठेवून विचारणार की बोल, डायलिसिसच्या आधी हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) किती आणि कसं दिलंस, मग काय करशील? पुढं खरंच तसंच झालं, ते खाली सांगते.

अर्ज ईमेलनं पाठवायचा तर कागद कसे पाठवायचे हेही मॅडमनीच सांगितलं, सरांनी नाही, आणि खरं तर हे सरांचं काम. दहावीपासूनची मार्कशीट मोबाइलवर तिरके फोटो काढून वेगवेगळ्या अटॅचमेंट पाठवू नका. एकच पीडीएफ, आधी रेझ्युमे, मग रजिस्ट्रेशन, मग डिप्लोमा, मग अनुभवाची पत्रं उलट्या क्रमानं, आणि फाइलला स्वतःचं नाव आणि पोस्ट. मेलमध्ये चार-पाच ओळी पुरतात, कुठल्या युनिटसाठी अर्ज, किती अनुभव, जॉइन कधी होऊ शकता. जाहिरातीत एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू) लिहिलं असेल आणि तुमचा अनुभव अ‍ॅडल्ट आयसीयूचा असेल तर ते लपवायचं नाही, सरळ लिहायचं की अ‍ॅडल्टचं केलंय, शिकायची तयारी आहे. अनुभवाच्या पत्राचं तर काय सांगावं, छोटी हॉस्पिटलं ते देताना जीव खातात. पत्रात जॉइनिंगची तारीख, सोडल्याची तारीख आणि डिपार्टमेंट एवढं पाहिजेच, आणि ते नोकरी सोडायच्या आधी हातात घ्या, नंतर फोन उचलत नाहीत.

आता लॅब, जिच्यासाठी हा सगळा रिव्ह्यू लिहितेय. खोली दहा बाय बारा असेल, एसी आहे पण चालू नसतो, एक जुना मॅनिकिन (पेशंटचा पुतळा), एक रबराचा हात ज्याच्या शिरा टोचून टोचून चाळणी झाल्यात, आणि टेबलाखाली पिवळा, लाल, पांढरा, निळा असे चार डबे. मॅडम एका ट्रेमध्ये सामान घेऊन बसतात आणि एकेक वस्तू हातात देतात, काही न बोलता. वापरलेला आयव्ही सेट. लाल. ग्लोव्हज. लाल. रक्ताळलेला कापूस. पिवळा. फुटलेलं अँप्यूल. निळा. युरिन बॅग. लाल. इथपर्यंत सगळ्या पटापट करतात. मग इन्सुलिनची सिरिंज देतात, तिची सुई निघत नाही, आणि तिथं अर्धी बॅच लालमध्ये टाकते कारण डोक्यात पक्कं बसलेलं असतं की सिरिंज म्हणजे प्लॅस्टिक म्हणजे लाल. सुईसकट आहे म्हटल्यावर ती शार्प, पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. मग रिकामी ब्लड बॅग. पिवळा. मग केमोच्या औषधाची काचेची व्हायल, काच म्हणून निळ्यात टाकायला हात जातो, पण सायटोटॉक्सिक, म्हणजे पेशी मारणारं औषध असेल तर पिवळा. २०१६ चे बायोमेडिकल वेस्टचे नियम पाठ करून सगळेच येतात, ट्रे समोर आला की हात कुठं जातो ते मॅडम बघतात. मध्येच विचारतात, हा कचरा किती वेळ ठेवू शकतेस? ४८ तास. आणि परत ट्रे.

हात धुण्याचंही तसंच. डब्ल्यूएचओचे पाच मोमेंट्स सगळ्यांना येतात, पेशंटला हात लावण्याआधी, असेप्टिक प्रोसिजरआधी, बॉडी फ्लुइडचा संबंध आल्यावर, पेशंटला हात लावल्यानंतर, पेशंटच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. मॅडम ते म्हणून दाखवायला सांगतच नाहीत. त्या म्हणतात जा, त्या पेशंटचं बीपी घे, आणि मॅनिकिनकडं बोट दाखवतात. तुम्ही जाता, कफ बांधता, घेता, सांगता एकशे तीस ऐंशी. मॅडम विचारतात बाटली दिसली नाही का? हँडरबची बाटली बेडच्या पायथ्याशी लटकवलेली असते मुद्दाम. रबला २० ते ३० सेकंद, साबण-पाण्यानं ४० ते ६०, आणि हातात काही नको. आमच्यात एक नवं लग्न झालेली होती, हिरवा चुडा दोन्ही हातात, तिला म्हणाल्या पॅनलसमोर बसताना चुडा, अंगठी, घड्याळ सगळं पर्समध्ये, कोपराच्या खाली हात मोकळा पाहिजे. ती म्हणाली सासूबाई रागावतील. "सासूला सांग मेट्रननं काढायला लावला." सगळे हसले, पण मॅडम गंभीर होत्या. इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर पॅनलवर असली तर तोंडाआधी हात बघते म्हणाल्या, आणि मला ते पटलं.

औषधांच्या गणिताचा दिवस सगळ्यात अवघड गेला. ५०० एमएल सलाइन ४ तासांत द्यायचंय, ड्रॉप रेट काढ. फॉर्म्युला सोपाय, पण मॅडम ड्रॉप फॅक्टर, म्हणजे एका एमएलला किती थेंब पडतात, ते सांगत नाहीत, सेटचं पाकीट हातात देतात, त्यावर लिहिलेलं असतं. २० चा सेट असेल तर ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे ४१.६६, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. मायक्रो सेट दिला तर ६० चा, उत्तर १२५. न बघता जी बोलली तिला उठवायच्या. मग बारा किलोचं बाळ, ताप, पॅरासिटामॉल किलोमागं १५ मिलिग्रॅमनं ऑर्डर. म्हणजे १८० मिलिग्रॅम. किती एमएल देशील? इथं ड्रॉवरमध्ये दोन बाटल्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या, एक ५ एमएलमध्ये १२० मिलिग्रॅमवाली, एक ५ एमएलमध्ये २५० वाली. पहिलीतनं साडेसात एमएल, दुसरीतनं ३.६. जिनं बाटली न वाचता साडेसात सांगितलं आणि २५० वाली उचलली तिनं बाळाला दुपटीहून जास्त डोस दिला. मॅडम तिला ओरडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, परत वाच. बाटली उचलताना एकदा, काढताना एकदा, ठेवताना एकदा वाचायची सवय मला तिथं लागली, नोकरीला आल्यावर ती तशीच राहिलीये.

तोंडी राउंड पण त्याच घेतात. प्रश्न साधे वाटतात पण एकापाठोपाठ एक येतात. रात्री दोनला पेशंटचं बीपी पडलं, आरएमओ फोन उचलत नाही, काय करशील? आपण सगळ्या म्हणतो परत फोन लावीन. मॅडम म्हणणार दोनदा लावला, मग? तर आधी पेशंट, पाय वर, ऑक्सिजन, लाइन चालू आहे का, मॉनिटर, परत बीपी, शेजारच्या सिस्टरला हाक, मग ड्यूटीवरचा दुसरा डॉक्टर, मग कन्सल्टंट, नर्सिंग सुपरवायझर, आणि पेशंट कोसळतोय असं वाटलं तर कोड ब्लू (इमर्जन्सी टीमला हाक), कुणाच्या परवानगीची वाट न बघता. आणि फोनवर बोलायचं ते एसबीएआरनं, म्हणजे आत्ता काय झालंय, पेशंटची आधीची गोष्ट काय, मला काय वाटतंय, मला तुमच्याकडून काय हवंय. शेवटचं आपण कधीच बोलत नाही. "सर पेशंटचं बीपी लो आहे" म्हणून गप्प बसतो. "सर तुम्ही आत्ता येऊन बघावं" हे वाक्य मॅडमनी प्रत्येकीकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं, तीनचार मुलींच्या तोंडून ते निघेचना, डॉक्टरला असं कसं म्हणायचं म्हणून. फोनवरची ऑर्डर घेतली की लिहायची, परत वाचून दाखवायची, मग औषध. पोटॅशियम क्लोराइड, इन्सुलिन, हेपरिन हे हाय अलर्ट, दुसऱ्या सिस्टरनं तपासल्याशिवाय द्यायचं नाही, आणि पोटॅशियम तर कधीच थेट पुश नाही.

चुकीचं औषध दिलं गेलं तर, हा प्रश्न हमखास येतो. मॅडमचं उत्तर, आधी पेशंट बघ, व्हायटल घे, डॉक्टरला सांग, मग इन्सिडेंट फॉर्म भर, आणि फाइलमध्ये खाडाखोड करू नकोस. "माझ्या हातनं असं कधी होणारच नाही" असं उत्तर दिलं की पॅनल समजतं ही लपवणारी आहे. नातेवाईक अंगावर आले तर, हा दुसरा. इथं मॅडम कायदा सांगतात, महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या लोकांवर हल्ला केला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे, सिस्टर, वॉर्डबॉय सगळे त्यात येतात. पण इंटरव्ह्यूत कायद्यापासून सुरुवात करू नका म्हणाल्या. आधी आवाज खाली, दार उघडं राहील असं उभं राहायचं, सिक्युरिटीला खूण, आणि नातेवाइकाला पेशंटबद्दल एक खरी माहिती द्यायची, कारण बहुतेक वेळा तो त्याच्यासाठीच ओरडत असतो. सुई टोचली तर? साबण-पाण्यानं धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, लगेच रिपोर्ट करायचं, पीईपी (एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची औषधं) जितक्या लवकर तितकं बरं, ७२ तासांच्या आत तर हवंच.

एवढं ऐकून परत सरांच्या एचआर राउंडला बसायचं म्हणजे शिक्षाच. तुमची वीकनेस काय, तर सांगा मी परफेक्शनिस्ट आहे. पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता, तर सांगा तुमच्याच हॉस्पिटलात लीडरशिप रोलमध्ये. सगळ्या बॅचनं हेच पाठ केलं, इंग्रजीतनं, एका सुरात, बालवाडीत कविता म्हणतात तसं. हॉस्पिटलच्या एचआरला ही उत्तरं आम्ही तोंड उघडायच्या आधीच माहीत असणार. इंग्रजीचं टेन्शन सगळ्यांनाच असतं, मला पण होतं, पण पुण्यात बऱ्याच ठिकाणी पॅनल मराठी-हिंदी मिसळून बोलतं, औषधांची नावं, हँडओव्हर आणि चार्टिंग इंग्रजीत नीट आलं की खूप होतं. "लग्न झालंय, मूल कधी" असं विचारतात, विचारायला नको पण विचारतात, तर सर म्हणाले सांगायचं आत्ता प्लॅन नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या तो तुझा खाजगी प्रश्न, हसून एवढंच म्हण की ड्यूटी रोस्टरप्रमाणे करीन, आणि पुढचा विषय काढ. शिवाय २०१७ पासून मॅटर्निटीला २६ आठवडे पगारी रजा कायद्यानं आहे आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असले तर पाळणाघराची सोय पण, ते जॉइन झाल्यावर मागायचं, इंटरव्ह्यूत भांडायचं नाही. मला हे थोडं खटकलं, पण नोकरी आधी पदरात पाडायची म्हटल्यावर ठीकाय.

पगाराचं तर सरांनी "नेगोशिएबल म्हणा" एवढ्यावर उरकलं, आणि इथं मला खरंच राग आला कारण सगळ्यात जास्त मदत इथंच लागते. मग मी स्वतः शोधलं, ते इथं लिहून ठेवते. सुप्रीम कोर्टानं सांगितल्यावर २०१६ ला केंद्राच्या समितीनं खाजगी हॉस्पिटलातल्या नर्सच्या पगाराबद्दल शिफारशी केल्यात, २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सइतका पगार, १०० च्या वर असतील तर त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या खाली असले तरी २० हजारांच्या खाली नको. पाळतं कोण म्हणाल तर फारसं कुणी नाही, शिफारशीच त्या, पण आकडा माहीत असला की टेबलावर बोलताना आवाज हलत नाही. आणि सीटीसीला भुलू नका, हातात किती, पीएफ कुणाच्या वाट्यातून कापणार, नाइट अलाउन्स वेगळा का आतला, होस्टेलचे कापणार का, हे एकेक विचारा. ग्रॉस २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होतं, ते कापतात का आणि कार्ड देतात का तेही. आणि कुणीही ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घ्यायचं म्हटलं तर दाखवा, व्हेरिफाय करू द्या, आणि परत घेऊन या. बाँडवर सही करायच्या आधी घरी नेऊन वाचा.

क्लासमध्ये बाकीच्या बॅचेस पण आहेत, त्यांच्याबद्दल थोडंच. सरकारी भरतीवाल्यांनी इथं अजिबात पैसे घालू नयेत. केंद्राच्या गट क आणि अराजपत्रित गट ब पदांना २०१६ पासून मुलाखतच नाही, एम्सच्या नॉरसेटला (नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची परीक्षा) प्रीलिम्स आणि मेन्स आहे, त्याला एमसीक्यू सोडवणारा क्लास पाहिजे, चुडा काढणारी मेट्रन तिथं कामाची नाही. यूकेला जाणाऱ्यांची एक छोटी बॅच आहे, त्यात माझी कोल्हापूरची मैत्रीण होती. ओईटीला (आरोग्य क्षेत्रातल्यांची इंग्रजीची परीक्षा) लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगमध्ये बी ग्रेड आणि रायटिंगमध्ये निदान सी प्लस लागतो, ते ती आधीच काढून आलेली. तिचं म्हणणं एनएचएसच्या (तिथली सरकारी आरोग्यसेवा) अर्जाचं गणितच वेगळं, जाहिरातीसोबत पर्सन स्पेसिफिकेशन येतं, त्यातल्या प्रत्येक अटीसमोर तुमच्या कामातलं एक खरं उदाहरण लिहायचं असतं, शॉर्टलिस्ट करणारे त्यावरच गुण टाकतात, आणि सरांनी तिला पण तेच आव्हानात्मक वातावरणवालं ऑब्जेक्टिव्ह चिकटवलं. गल्फवाल्यांनी एवढंच करा, एजंटचा परवाना ई-मायग्रेटच्या सरकारी साइटवर तपासल्याशिवाय रुपया देऊ नका.

सोयींचं सांगायचं तर बाथरूम एकच, पाणी बाहेरनं आणायचं, गाडी लावायला जागा नाही, डेक्कनला उतरून चालत गेलेलं बरं. रेकॉर्डिंग देतो म्हणाले होते ते आलं नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वेकन्सी येतात पण निम्म्या जुन्या, वॉक-इनची तारीख होऊन गेलेली. काउंटरवरची मुलगी मात्र चांगलीये, खरं काय ते सांगते.

मॉक पॅनलला मॅडम, एक बाहेरच्या क्वालिटीवाल्या मॅडम आणि सर असे तिघं बसतात. सर मध्ये मध्ये "स्माइल ठेवा" म्हणत राहतात, बाकी दोघी सोलून काढतात. माझा खऱ्या ठिकाणचा इंटरव्ह्यू त्याच्यापेक्षा सोपा गेला असं म्हणेन. तिथं नर्सिंग सुपरिंटेंडेंट मॅडमनी रेझ्युमे हातात घेतला, खालपर्यंत नजर फिरवली, आणि बोट सरळ "असिस्ट" वर. सेंट्रल लाइनला असिस्ट म्हणजे तू काय काय केलंस? मी ट्रॉली लावण्यापासून सुरू केलं, ड्रेप, फ्लश, टाके झाल्यावर ड्रेसिंग, तारीख लिहिलेलं लेबल, मग एक्सरे आल्याशिवाय लाइन वापरायची नाही. त्यांनी मधेच विचारलं, ड्रेसिंगवर तारीख कशासाठी? मी सांगितलं कधी बदलायचं ते पुढच्या शिफ्टला कळायला. त्या शेजारच्या एचआरकडं बघून म्हणाल्या, हिला एचडीयू द्या, म्हणजे आयसीयूच्या खालोखालचं युनिट. परफेक्शनिस्ट वगैरे कुणी विचारलंच नाही, पगाराचं मीच विचारलं, मागितला तेवढा नाही मिळाला पण पहिल्या आकड्यापेक्षा वर गेले.

तर कुणी जावं? छोट्या हॉस्पिटलात काम केलेल्या, हात चालतो पण चारचौघांत बोलता येत नाही अशा पोरींनी आणि ब्रदरनी जरूर जावं. नुकत्याच पास झालेल्यांनी पण, फक्त आधी कुठंतरी बीएलएस करून मग. मोठ्या हॉस्पिटलात आधीच असलेल्यांना काही नवीन मिळणार नाही, तुमच्याकडं हे सगळं इंडक्शनलाच होतं. स्टार द्यायचे तर लॅबला पाच, रेझ्युमेला एक, एचआर राउंडला एक, तोही सर स्वभावानं गरीब आहेत म्हणून.

आणि हे महत्त्वाचं, लॅब आणि मॉक पॅनल एवढंच वेगळं घेता येतं, साडेतीन हजारांत, बोर्डावर कुठंही लिहिलेलं नाही आणि सरांना विचारलं तर नाही म्हणतील. काउंटरवरच्या मुलीला विचारा, आणि मेट्रन मॅडम ती बॅच घेणार आहेत का ते पक्कं करून मगच पैसे भरा, मध्ये एका बॅचला त्यांच्या जागी दुसऱ्याच कुणीतरी आल्या होत्या म्हणे.